मुंबई ते लेह विमानाने: १,७५९ किलोमीटर, पावणेचार तास आणि सात दिवस

निघण्याआधीचे गणित

मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम ११ मीटरवर आहे, लेहची ३,२५६ मीटरवर. दोन्हींमधले हवाई अंतर सुमारे १,७३७ किलोमीटर. तिकीट काढताना बहुतेकांचे लक्ष अंतराकडे आणि तासांकडे असते, पण या प्रवासाचे वेळापत्रक ठरते ते उंचीवरून. विमान दिवसाच्या कोणत्या वेळी उतरू शकते, परतीला किती सामान चालते, पोहोचल्यावर किती तास आडवे पडून काढायचे, हे सगळे त्या ३,२५६ ला बांधलेले आहे. म्हणून आधी अंतर आणि वेळ यांचा हिशेब नीट मांडून घेऊ, मग एकेक दिवस.

दोन विमानतळांमधले अंतर वहीच्या पानावर काढता येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा अंश उत्तरेकडे लहान होत जातो, म्हणून त्याला दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांचा फरक ९.४८, म्हणजे १,०५४ किलोमीटर. रेखांशांचा फरक ४.२३, मधल्या २३.८ अंशांचा कोसाइन ०.९१५, म्हणजे ४३१ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस: उत्तर १,१३८ किलोमीटर. लेह ३४.१४ उत्तर, ७७.५५ पूर्व. दिल्लीहून त्याच रीतीने ६१९ आणि ४२, म्हणजे ६२१ किलोमीटर; दिल्लीपासून लेह जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे. दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत ही रीत चांगली चालते. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा तिला चुकवू लागतो.

दोन्ही टप्प्यांची बेरीज १,७५९. थेट अंतरापेक्षा फक्त २२ किलोमीटर जास्त, म्हणजे दिल्ली अगदी वाटेवर आहे. तरीही दिल्लीमार्गे वेळ बराच वाढतो, कारण प्रत्येक उड्डाणाचा एक ठरलेला खर्च असतो. दाराशी उभे विमान मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत सरपटणे, चढाई, उतरण आणि पुन्हा दारापर्यंत सरपटणे, यांत अंतर कापले जाते थोडे आणि वेळ जातो फार. देशांतर्गत जेट विमानासाठी सोपा अंदाज असा: किलोमीटरला ८०० ने भागून येणारे तास, अधिक ४५ मिनिटे. मुंबई–दिल्ली ८५ अधिक ४५, म्हणजे २ तास १० मिनिटे. दिल्ली–लेह ४७ अधिक ४५, म्हणजे दीड तास. प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटे कमी, कारण लेहला धावपट्टीवरून फलाट हाकेच्या अंतरावर आहे. थेट विमान मिळाले तर १३० अधिक ४५, म्हणजे पावणेतीन ते तीन तास. दिल्लीमार्गे उड्डाणांचा वेळ मिळून ३ तास ४० मिनिटे. हंगामात कधीकधी मुंबईहून थेट विमान असते. असले आणि दर परवडत असला, तर तेच घ्यावे.

इतरांसाठीही हीच रीत. पुणे–दिल्ली १,१५७ किलोमीटर, मुंबईइतकाच वेळ. नागपूर–दिल्ली ८५४, सुमारे १ तास ५० मिनिटे. गोव्यातले मोपा–दिल्ली १,४६४, सुमारे २ तास ३५ मिनिटे. गोव्याच्याच दाबोळीहून अंतर ४० किलोमीटर जास्त भरते, पण वेळेत तीनच मिनिटांचा फरक पडतो.

तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतो. विमानाची चाके दारापासून हलल्यापासून पलीकडच्या दाराशी थांबेपर्यंतचा असतो आणि त्यात कंपन्या थोडी शिल्लकही धरतात. त्यामुळे वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमान कित्येकदा वेळेवर पोहोचते.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत, ही या प्रवासाची पहिली अट समजावी. वेगवेगळी तिकिटे स्वस्त दिसतात, पण पहिले विमान रखडले आणि दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. पैसे बुडतात आणि लेहचे पुढचे विमान थेट दुसऱ्या दिवशीचे असते. खालचा कार्यक्रम जूनच्या मध्यासाठी मांडला आहे.

पहिला दिवस: मुंबई ते दिल्ली

लेहची विमाने सकाळी उतरतात. मुंबईहून पहाटेचे पहिले विमान धरून दिल्लीत बदलायचे म्हटले तर हाती तास-दीड तास उरतो आणि तो मुंबईच्या रांगेतच संपू शकतो. म्हणून आदल्या दिवशी दुपारी चारच्या आसपास निघून रात्र दिल्लीत काढावी. रात्री उशिरा निघून टर्मिनलच्या खुर्चीवर झोपण्याने खोलीचे पैसे वाचतात, पण अपुऱ्या झोपेचे शरीर दुसऱ्या दिवशी विरळ हवेत उतरवणे ही वाईट काटकसर आहे.

घरातून निघण्याआधी तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल वाचावे. मुंबईचे टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला; दोन्हींमध्ये भर गर्दीचा रस्ता आहे. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे, त्यामुळे नुसते 'मुंबई' एवढे वाचून टॅक्सी बोलावू नये. काउंटर बहुधा सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतो, विमानाचे दार २५ मिनिटे आधी. दोन तास हाताशी ठेवून पोहोचावे.

सामानाची नेहमीची मर्यादा पोटातल्या बॅगेला १५ किलो आणि हातातल्या पिशवीला ७ किलो. लेहसाठी वाटणी जरा विचाराने करावी. पॉवर बँक हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. औषधे, एक गरम जॅकेट, टोपी आणि एका रात्रीचे कपडेही हातात, कारण बॅग एक दिवस मागे राहण्याची शक्यता या मार्गावर खरोखरीची आहे. शाम्पू-तेलाच्या बाटल्या पाऊणच भरून, हवा दाबून काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधाव्यात. समुद्रसपाटीवर बंद केलेली बाटली लेहला पोहोचेतो फुगते आणि झाकणातून गळते.

मुंबईत विमान वेळेवर दारापासून सुटूनही पंधरा-वीस मिनिटे जमिनीवरच असते. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते. मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर लांब. उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेकडे, जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर, आणि मग उजवीकडे वळण. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती मंदसौर-बुंदीच्या आसपासून जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग ठरावीक बिंदूंना धरून वळतो, म्हणून विमान ४०-५० किलोमीटर जास्तच उडते. हवेतला वेळ सुमारे पावणेदोन तास. त्यात चढाईची वीस-पंचवीस मिनिटे, उतरणीची तेवढीच, आणि मधला तासभर ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास सपाट उड्डाण.

वाऱ्याचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. दिल्लीकडे जाणारे विमान उत्तरेपासून सुमारे २२ अंश पूर्वेकडे झुकलेले असते. त्यामुळे ताशी १८५ किलोमीटरचा तो वारा पाठीवरून ७० किलोमीटरच्या आसपास मदत करतो आणि परतीला तेवढाच आडवा येतो. सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. जूनमध्ये हा प्रवाह हिमालयापलीकडे सरकलेला असतो, मग येण्या-जाण्याचा वेळ जवळपास सारखाच.

दिल्लीत टर्मिनल ३ आणि टर्मिनल १ एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत आणि मधला रस्ता विमानतळाच्या बाहेरून जातो. सकाळचे लेहचे विमान कुठून सुटते ते रात्रीच पाहून खोली त्या बाजूला घ्यावी. टर्मिनल ३ असेल तर एरोसिटी किंवा खिशाला सोसणारे महिपालपूर. पहाटे तीन वाजता मेट्रो नसते. टॅक्सी रात्रीच सांगून ठेवावी.

रात्री हलके जेवण आणि भरपूर पाणी. मद्य या रात्रीपासूनच बंद. विरळ हवेच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड देतात, दुकानात डायमॉक्स म्हणून मिळणारी गोळी. ती चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे दुखणे किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याखेरीज हातही लावू नये. गोळीने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरून जाऊ नये.

दुसरा दिवस: दिल्ली ते लेह

सकाळचे पहिले विमान का घ्यायचे, याचे कारण हवेत आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानांच्या हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, ३,२५६ मीटरवर तापमान उणे ६ अंश धरतात. लेहला जूनच्या सकाळी १० अंश असले तरी ते प्रमाणापेक्षा १६ अंशांनी जास्त होते. त्या वेळी धावपट्टीवरची हवा ३,८५० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ असते, आणि दुपारी २५ अंश झाले की ४,४०० मीटरवर असावी इतकी. हवा विरळ झाली की पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, आणि तीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेगाने धावावे लागते. समुद्रसपाटीवर ताशी २५० किलोमीटरने टेकणारे विमान लेहला २९५ ते ३०० ने टेकते. तेवढा वेग थोपवायला धावपट्टी मात्र मुंबईपेक्षा आखूड, सुमारे पावणेतीन किलोमीटर. त्यात दुपारी खोऱ्यातला वारा जोर धरतो आणि डोंगरांमुळे विमाने बहुधा एकाच दिशेने उतरतात व उलट दिशेने उडतात. वारा पाठीवर आला तरी दुसरीकडून उतरण्याची सोय नाही. म्हणून सगळी घाई दुपारच्या आत. २०२४ च्या जुलैअखेर तापमान चढल्यामुळे लेहची विमाने सलग काही दिवस रद्द झाली होती.

आता पहिल्या विमानाचा फायदा कळेल. साडेपाच-सहाचे विमान दोन तास रखडले तरी ते सकाळच्याच आत लेहला पोहोचते. साडेनऊचे विमान दोन तास रखडले की बहुधा रद्दच होते. डिसेंबर-जानेवारीत मात्र हा हिशेब उलटतो. दिल्लीचे धुके पहाटेच दाट असते आणि लेहची वेळ मर्यादित, अशा कात्रीत विमान सापडते. त्या दिवसांत एक राखीव दिवस पुरत नाही, दोन धरावेत.

आणखी एक शक्यता मनात धरून निघावे. लेहवर ढग उतरले किंवा वारा फिरला तर विमान डोंगरांपर्यंत जाऊन परत दिल्लीला येते, कधी दुसरीकडे उतरते. दोन-अडीच तास उडून पुन्हा त्याच टर्मिनलवर, असे झाले तर चिडचिड होते, पण वैमानिकाचा तो निर्णय शंभर टक्के बरोबर असतो. हवामानामुळे विमान रद्द झाले तर नियमाप्रमाणे वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. तिकिटाचे पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यांतले एक निवडता येते. जागा हवी असेल तर काउंटरवर लगेच उभे राहावे, कारण दुसऱ्या दिवशीच्या विमानांत रिकाम्या खुर्च्या थोड्याच असतात.

जाताना खिडकी डाव्या बाजूची घ्यावी. विमान उत्तरेला जाते आणि सकाळचे ऊन उजवीकडून येते, म्हणून डावी बाजू सावलीत राहते आणि डोंगर स्वच्छ दिसतात. उड्डाणानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी शिवालिकच्या हिरव्या रांगा, चाळिशीच्या आसपास पीर पंजाल, त्यापुढे बर्फ आणि मग झंस्करचे तपकिरी, उघडे डोंगर. हवा स्वच्छ असेल तर डावीकडे दूरवर नून (७,१३५ मीटर) आणि कून (७,०७७ मीटर) ही जुळी शिखरे दिसतात. हवेतला वेळ फक्त तासभर. पाणी वाटून होते न होते तोच उतरण्याची सूचना येते, म्हणून स्वच्छतागृहात जायचे तर आधीच जाऊन यावे.

उतरताना विमानाच्या आत एक वेगळी गोष्ट घडते. एरवी विमान खाली येते तसा आतला दाब वाढतो. उंचावर उडताना आतली हवा जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीच्या गावासारखी राखलेली असते, पण लेहची धावपट्टीच त्याहून उंच आहे. त्यामुळे इथे विमान खाली येत असताना आतला दाब कमी होत जातो. कानांना फारसा त्रास होत नाही, वेफर्सची पाकिटे मात्र टम्म फुगतात. दार उघडते तेव्हा बाहेरचा दाब मुंबईच्या दोन-तृतीयांश असतो.

धावपट्टीच्या टोकाशी टेकडीवर स्पितुकचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दिसतो. फोटो काढू नयेत. विमानतळ हवाई दलाचा आहे, नियम कडक आहे. विमानतळाला नाव आहे ते लडाखचे बौद्ध धर्मगुरू कुशोक बकुला रिम्पोछे यांचे. या जागी पहिले विमान उतरले २४ मे १९४८ रोजी. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा उतरवले होते. आतला दाब राखण्याची सोय नसलेले ते विमान, खाली इंजिनिअर सोनम नोरबू यांनी स्थानिक माणसांच्या हातांनी थोड्या दिवसांत तयार केलेली मातीची पट्टी, आणि पुढच्या वाटेचा नीटसा नकाशाही नाही. आजच्या सव्वा तासाच्या आरामशीर उड्डाणाआधी एवढे आठवावे, असे मनापासून वाटते.

पट्ट्यावरून बॅग स्वतः ओढून घेऊ नये. सोबतच्या कोणी तरण्यानेही नाही. हमाल किंवा ट्रॉली घ्यावी. गाव चार-पाच किलोमीटरवर आणि आणखी अडीचशे मीटर उंच. खोली तळमजल्यावरची मागावी. सकाळी आठ-नऊलाच पोहोचणार असल्याने खोली लवकर मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे, नाहीतर सर्वांत महत्त्वाचे विश्रांतीचे तास हॉटेलच्या सोफ्यावर जातात.

पोहोचल्यावर दोन-तीन तास छान वाटते. धोका इथेच आहे. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि तोवर लोक बाजार फिरून, जिने चढून आलेले असतात. या दिवसाचा कार्यक्रम म्हणजे झोपणे, पाणी, सूप, भात-वरण, पुन्हा आडवे होणे. आंघोळ दुसऱ्या दिवशी केली तरी चालते. झोपेची गोळी घेऊ नये, ती रात्रीचा श्वास मंदावते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत असेल तर ८५ ते ९० च्या दरम्यान आकडा दिसेल. घरी तो घाबरवणारा असतो, इथे पहिल्या दिवशी नेहमीचा आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, तुटक झोप, एवढे असेल तर विश्रांतीने उतरते. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, सरळ रेषेत चालता न येणे किंवा बोलण्यात असंबद्धपणा येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. ताबडतोब एसएनएम रुग्णालय गाठावे. ते ज्यांच्या नावाचे आहे ते सोनम नोरबू म्हणजे ती मातीची धावपट्टी बांधणारेच.

तिसरा दिवस: लेह

आजही गावाबाहेर जाणे नाही. सकाळी बाजारापर्यंत सपाट चालणे, दुपारी झोप, संध्याकाळी डोके शांत असेल तर गाडीने शांती स्तूप. पायऱ्यांनी चढून जाण्याचा मोह टाळावा, रस्ता वरपर्यंत जातो.

एक काम आजच उरकावे. लडाखबाहेरची प्रीपेड सिमकार्डे इथे चालत नाहीत, पोस्टपेडच चालते. विमान कंपनीचा 'वेळ बदलली' हा संदेश ज्या क्रमांकावर येणार तो बंद असेल तर परतीचे विमान चुकते. तिकिटावर घरच्या एखाद्या माणसाचा क्रमांकही जोडावा, आणि पीएनआर कागदावर लिहून ठेवावा.

चौथा दिवस: नीमू आणि अल्ची

पहिला बाहेरचा दिवस खालच्या दिशेने. सिंधू आणि झंस्करचा संगम नीमूजवळ, लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवर. त्यापुढे अल्चीचा जुना विहार ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा कमी उंचीवर. शरीराला हा दिवस बक्षिसासारखा वाटतो. संध्याकाळी लेहला परत.

पाचवा दिवस: खर्दुंग ला, जमले तरच

लेहपासून सुमारे ४० किलोमीटर आणि तब्बल १,८५० मीटर चढ. खिंडीवरची जुनी पाटी १८,३८० फूट सांगत आली आहे. मोजणीतली उंची १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर. वर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आदल्या रात्री डोके दुखले असेल तर जाऊच नये, त्याऐवजी सिंधूच्या खोऱ्यातले ठिकसे आणि हेमिस हे मठ पाहावेत.

पँगाँग या कार्यक्रमात मुद्दाम घेतलेले नाही. परतीच्या विमानाआधीची रात्र लेहमध्येच काढायची असते. एखादी दरड किंवा खिंडीतला बर्फ पुरतो आणि विमान चुकते. पँगाँग हवे असेल तर दोन दिवस वाढवावेत.

सहावा दिवस: लेह ते दिल्ली ते मुंबई

परतीलाही सकाळचेच विमान, आणि या वेळी कारण वजनाचे आहे. विरळ हवेत उड्डाण करताना विमानाला एकूण वजन कमी ठेवावे लागते. ऊन चढेल तशी ही मर्यादा आणखी खाली येते. मग काही खुर्च्या रिकाम्या ठेवतात, कधी बॅगा मागे ठेवून दुसऱ्या दिवशी पाठवतात. म्हणून इथे १५ किलो म्हणजे १५ किलो. जर्दाळूच्या पिशव्या आणि पश्मिना घेतल्यावर बॅग हॉटेलवरच तोलून पाहावी.

अडीच तास आधी पोहोचावे. तपासणी एकापेक्षा जास्त वेळा होते, काडेपेटी-लायटर जप्त होतात, आणि सकाळच्या चार-पाच तासांत सगळ्या दिवसाची गर्दी एका छोट्या इमारतीत मावते. खिडकी आता उजवीकडची, म्हणजे जाताना पाहिलेलीच शिखरे.

उड्डाणाची धाव लांब वाटते. वाटणारच, ती खरोखर लांब असते. वर गेल्यावर आतला दाब हळूहळू वाढतो, कारण दहा किलोमीटर उंचीवरच्या बंद विमानातही लेहच्या धावपट्टीपेक्षा जास्त हवा असते. डोकेदुखी उरली असेल तर इथेच हलकी होते. कानांचा खरा त्रास दिल्लीला उतरताना. चार दिवस ३,५०० मीटरवर राहिलेले कान तासाभरात दोनशे-सव्वादोनशे मीटरवर येतात. लहान मुलांना उतरण सुरू होताच दूध किंवा पाणी पाजावे, मोठ्यांनी गोळी चघळावी. सर्दी असेल तर निघण्याआधी नाकात थेंब घालावेत. लेहला घट्ट बंद केलेली पाण्याची बाटली दिल्लीत चेपलेली निघते.

दिल्लीत मुंबईच्या विमानाआधी किमान तीन तास हवेत, टर्मिनल बदलायचे असेल तर चार. एकाच पीएनआरवर बॅग मुंबईपर्यंत लावली जाते का, ते लेहच्या काउंटरवर विचारून चिठ्ठीवर मुंबईचे नाव आहे ना हे स्वतः वाचावे. पावसाळा लागला असेल तर मुंबईवर घिरट्या घालण्याची वीस-पंचवीस मिनिटे मनात धरावीत. घरी न्यायला येणाऱ्याला छापील वेळेच्या पाऊण तास पुढची वेळ सांगावी.

सातवा दिवस: राखीव

हा दिवस कार्यालयाच्या रजेत आधीच धरून ठेवावा. सहाव्या दिवशी विमान रद्द झाले तर आधी दुसऱ्या दिवशीची जागा पक्की करावी, मग खोली एक रात्र वाढवावी. सलग दोन दिवस हवामान खराब दिसत असेल तर रस्त्याचा विचार करावा. लेह–श्रीनगर सुमारे ४२० किलोमीटर, फोतू ला (४,१०८ मीटर) आणि झोजी ला (३,५२८ मीटर) ओलांडून. पहाटे निघालेली टॅक्सी सगळे रस्ते मोकळे असतील तर रात्रीपर्यंत पोहोचते, पण कारगिलला मुक्काम करणे शहाणपणाचे. झोजी लावर वाहने ठरावीक वेळेत एका दिशेने सोडतात, ती वेळ कारगिलच्या पोलिसांकडून घ्यावी. श्रीनगरहून दिवसभर विमाने असतात. तिथून मुंबई १,६६८ किलोमीटर: ८०० ने भागून २ तास ५ मिनिटे, अधिक ४५, म्हणजे २ तास ५० मिनिटे.